अकूस्टिक गिटारचे भावी रूप

स्पेनमधील आल्मेरिया येथील गिटारनिर्माते आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ मध्ये एक विलक्षण गिटार घडविली. तिची दर्शनी फळी नेहमीप्रमाणे स्प्रूसच्या लाकडाची होती. पाठ आणि कडा मात्र कागदाच्या लगद्यापासून केलेल्या पुठ्ठ्याच्या होत्या. गिटारचा नाद मुख्यतः दर्शनी फळीवर अवलंबून असतो, उरलेल्या पेटीवर नव्हे, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जतन केलेली आहे. उद्याची गिटार कशी असेल याचा विचार करणाऱ्याने आधी या पुठ्ठ्याच्या गिटारपाशी थांबावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नव्या गिटारविषयीच्या बहुतेक कल्पना पेटीचा आकार, तिचे रंगरूप आणि तिच्यात बसवायची विजेची उपकरणे यांभोवती घुटमळतात. तोरेस यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जेथे बोट ठेवले, ती जागा त्यात बहुधा सुटून जाते.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केलेले आहेत. त्यानुसार गिटार हे तत वाद्य होय. एरिख फोन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या आधुनिक वर्गीकरणातही ती तंतुवाद्यांत, दांडी व पेटी असलेल्या वाद्यांच्या गटात येते. तिचे भाग सांगण्यासाठी मराठीत नवे शब्द पाडण्याची फारशी गरज नाही. मिरजेचे सतार-तानपुऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जे शब्द वापरत आले तेच येथे चालतात : नादपेटीवरची पातळ फळी ती तबली, तारांचा भार पेलणारी ती घोडी, बोटांखालचे धातूचे आडवे दांडे ते पडदे, आणि तारा पिळायच्या त्या खुंट्या. तबलीच्या आतल्या बाजूस चिकटविलेल्या बारीक लाकडी कामट्यांना मात्र सतारीच्या घडणीत तितके महत्त्व नाही. त्यांना या लेखात आधारपट्ट्या म्हटले आहे.

अकूस्टिक गिटार स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. वादकाचे बोट तार ओढून सोडते, त्या क्षणी तारेत जी थोडीशी ऊर्जा साठते तेवढेच या वाद्याचे भांडवल. तार इतकी बारीक असते की एकटीच्या बळावर ती पुरेशी हवा हलवू शकत नाही. ती घोडीला हलविते, घोडी तबलीला आणि तबली हवेला. हे भांडवल झपाट्याने उधळले तर नाद मोठा होतो, पण लगेच विरतो. बँजोचा खणखणाट हे त्याचे उदाहरण. जपून खर्चले तर नाद लांबतो, पण लहान राहतो. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ७५ किलो भरतो. एका प्रौढ माणसाच्या वजनाइतकी ही ओढ अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या तबलीने वर्षानुवर्षे सोसायची आणि तरीही पानासारखे थरथरायचे, अशी ही दुहेरी अट आहे. तबली जाड केली तर ती टिकते पण मुकी होते. पातळ केली तर बोलते पण फुगते, आणि शेवटी घोडी उखडते. म्हणून भावी गिटारसाठी सुचविलेल्या प्रत्येक नवलाईला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की, तबलीवर तिचे ओझे किती?

गिटारचा गेल्या दोन शतकांचा इतिहास हा बव्हंशी मोठ्या आवाजाच्या शोधाचा इतिहास आहे. तोरेस यांनी तबली रुंद केली आणि पंख्याच्या काड्यांसारख्या पसरणाऱ्या आधारपट्ट्यांची रचना पक्की केली. आजची अभिजात गिटार त्याच साच्यावर उभी आहे. सॅक्सनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत गेलेले ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात फुलीच्या आकाराची आधाररचना वापरात आली. ती आतड्याच्या तारांच्या काळातली; पण पुढे पोलादी तारांचा ताण पेलण्यास तीच सर्वांत समर्थ ठरली. भविष्यासाठी मुद्दाम काही आखण्यापेक्षा एखादी जुनी युक्ती नव्या कामी येणे अधिक संभवते, याचे हे बोलके उदाहरण आहे. १९१६ मध्ये मोठ्या पेटीची ड्रेडनॉट गिटार आली. १९२७ मध्ये जॉन डोप्येरा यांच्या कल्पनेतून साकारलेली, ॲल्युमिनियमच्या शंकूंनी नाद वाढविणारी गिटार बाजारात आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत विद्युत गिटार अवतरली आणि आवाजाची स्पर्धा तिथेच संपली. तेव्हापासून अकूस्टिक गिटारला मोठा आवाज मिळविण्याची सक्ती उरली नाही. ही सुटका मोलाची आहे, कारण आवाजाखेरीज दुसऱ्या गुणांकडे पाहण्याची सवड त्यानंतरच मिळाली.

तबलीच्या घडणीतील दोन आधुनिक प्रयोग भावी दिशा स्पष्ट दाखवितात. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी बाल्सा या अतिहलक्या लाकडाच्या व कार्बन तंतूंच्या बारीक पट्ट्यांची जाळी तबलीखाली बसविली. भार जाळीने उचलल्यामुळे तबली दीड मिलिमीटरच्या आसपास आणता आली. पाठ आणि कडा मात्र त्यांनी मुद्दाम जड व ताठ ठेवल्या, जेणेकरून ऊर्जा पेटीत न झिरपता तबलीतूनच बाहेर पडावी. विख्यात वादक जॉन विल्यम्स यांनी ही गिटार जगभर नेली. दुसरा प्रयोग जर्मनीचे माथियास डामान यांचा. त्यांच्या द्विस्तर तबलीत लाकडाच्या दोन कागदासारख्या पातळ थरांमध्ये नोमेक्स या पदार्थाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्‌कोनी जाळे असते. हेच जाळे विमानांच्या बांधणीत वापरतात. वजन घटते, ताठरपणा टिकतो, आणि मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचतो. जुन्या स्पॅनिश गिटारचा खोलगट, किंचित धुरकट रंग या वाद्यांत काहीसा हरवतो, अशी तक्रार जाणकार करतात. प्रस्तुत लेखकालाही ती रास्त वाटते. मात्र ध्वनिमुद्रणावरून या वाद्यांची पारख करणे योग्य नव्हे, कारण त्यांचा सारा खटाटोप दूर बसलेल्या श्रोत्यासाठी आहे.

आता लाकडाचा प्रश्न. येथे भविष्य कोणी कल्पनेने घडवीत नसून टंचाई ते घडवीत आहे. पाठ आणि कडा यांसाठी शंभर-सव्वाशे वर्षे ब्राझीलमधील रोजवुड श्रेष्ठ मानले गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे अखंड ओंडके मिळणे दुरापास्त झाले, आणि मार्टिन कारखान्याने १९६९ मध्ये भारतीय लाकडाची कास धरली. हे भारतीय लाकूड म्हणजे आपले शिसव. आजोळच्या शिसवी पलंगाची, देव्हाऱ्याची किंवा पाटाची आठवण असलेल्या मराठी वाचकाला हे वाचून मौज वाटेल की, अमेरिकन लोकगीतांच्या साथीला वाजणाऱ्या असंख्य गिटारींची पाठ गेली पाच दशके याच झाडाची आहे. संकटग्रस्त प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' करारात ब्राझीलचे रोजवुड १९९२ मध्ये सर्वांत कडक परिशिष्टात गेले. २०१७ च्या आरंभी शिसवासह त्या प्रजातीतील सर्व जातींवर परवान्याचे बंधन आले. गिटार घेऊन दौऱ्यावर निघालेल्या वादकांची आणि वाद्यविक्रेत्यांची त्यामुळे इतकी त्रेधा उडाली की, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट द्यावी लागली. कच्च्या लाकडावरील बंधन मात्र कायम राहिले.

या दुर्मीळ लाकडाची गरज खरोखर किती आहे, याची एक शास्त्रीय परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी गिटारनिर्माते रॉजर बकनॉल यांच्याकडून सहा गिटारी करवून घेतल्या. साऱ्या बाबतींत त्या सारख्या होत्या. भेद होता तो केवळ पाठीच्या व कडांच्या लाकडाचा. त्यांत ब्राझीलचे रोजवुड होते, शिसव होते, तसेच महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोडही होते. ५२ वादकांनी हाती काय आहे ते दिसणार नाही अशा रीतीने त्या वाजविल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वादकांना त्यांत गुणवत्तेचा लक्षणीय फरक जाणवला नाही. तोरेस यांच्या पुठ्ठ्याला जणू दीड शतकानंतर पुष्टी मिळाली. तेव्हा भावी गिटारची पाठ कशाची असेल, तर जे जवळपास उगवते, वेगाने वाढते आणि सरळ फाटते त्याची. प्रतिष्ठेचा प्रश्न निराळा. तो लाकडाने नव्हे, गिऱ्हाइकाने सोडवायचा आहे.

लाकूड पूर्णतः वगळण्याचाही मार्ग आहे. हेलिकॉप्टर बनविणारे अमेरिकन अभियंते चार्ल्स कामन यांनी १९६० च्या दशकात कृत्रिम पदार्थाच्या गोलाकार पाठीची ओव्हेशन गिटार आणली. पुढे १९९० च्या दशकात हवाई बेटांवरील भौतिकशास्त्रज्ञ जॉन डेकर यांनी अख्खी गिटारच कार्बन तंतूंची केली आणि तिला रेनसाँग असे समर्पक नाव दिले. पावसाशी या नावाचा संबंध केवळ काव्यमय नाही. लाकूड दमट हवेत पाणी शोषते आणि शिरांच्या आडव्या दिशेने फुगते. कोरड्या हवेत आक्रसते आणि तडकते. गिटारसाठी हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे निर्माते बजावतात. मुंबईत किंवा कोकण-गोव्यात राहणाऱ्याने हा आकडा वाचून सुस्कारा सोडावा. आषाढ लागला की तबली पोटासारखी पुढे येते, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या जातात आणि बोटे दुखू लागतात. प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या गिटारची घोडी अशाच एका श्रावणात, भर रात्री, फटाका फुटावा तसा आवाज करून सुटली होती. कार्बनच्या गिटारला यांतले काहीच होत नाही. तिचा नाद स्वच्छ, समतोल आणि थोडा निर्विकार असतो. उष्ण व दमट प्रदेशांसाठी, म्हणजे जगातील फार मोठ्या लोकसंख्येसाठी, हे भावी गिटारचे सर्वांत उपयुक्त लक्षण ठरेल. आणि तरीही गिटारविषयीच्या युरोपीय लेखनात त्याची दखल प्रवासातील सोय म्हणूनच बहुधा घेतलेली दिसते. कार्बन तंतू जमिनीत कुजत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणून जवसाच्या तंतूंची आणि वनस्पतिजन्य राळेची गिटारही अमेरिकेत तयार झालेली आहे.

लाकूड आणि कार्बन यांच्यामधली वाट म्हणजे तापपक्व लाकूड. स्प्रूसच्या फळ्या प्राणवायू अत्यल्प असलेल्या भट्टीत साधारणपणे १८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजल्या जातात. त्यामुळे लाकडातील पाणी ओढून घेणारा अंश बराचसा विघटित होतो, फळी हलकी होते आणि हवेतील ओलाव्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. अनेक दशके वाजविलेल्या गिटारचा मुरलेला नाद यातून पहिल्याच दिवशी मिळतो, असा निर्मात्यांचा दावा आहे. मुरण्याविषयी मतभेद संभवतात, ओलाव्याविषयी नाहीत. भाजलेली फळी अधिक ठिसूळ होते, ही त्याची किंमत.

पेटीच्या आकारातील सुधारणा थोडक्यात नोंदविणे पुरे. कॅनडाच्या गिटारनिर्मात्या लिंडा मॅन्झर यांनी खर्जाच्या बाजूला पेटी अरुंद आणि विरुद्ध बाजूला रुंद अशी पाचरीसारखी केली. त्यामुळे वादकाचा हात अवघडत नाही. कडेवर एक लहानसे पार्श्वरंध्र ठेवले तर वादकाला स्वतःचा नाद नीट ऐकू येतो. या दोन्ही गोष्टी तबलीवर एक ग्रॅमही ओझे टाकीत नाहीत. त्या सार्वत्रिक का झाल्या नाहीत, याला सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

भारतीय वाचकाला ज्याचे अगत्य वाटावे असा विषय पडद्यांचा आहे. गिटारचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात आणि त्यांची अंतरे सप्तकाचे बारा समान भाग पाडून काढलेली असतात. या समविभागी सप्तकात षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंट अंतरावर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. सेंट हे स्वरांतराचे सूक्ष्म एकक आहे, आणि १४ सेंटांचा हा चढेपणा तयार कानाला खुपतो. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमचा घाट घातला. हार्मोनियम याही दोषापायी १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर वर्ज्य होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. गिटारच्या बाबतीत असा खटाटोप युरोपात देवल यांच्याही आधी सुरू झालेला होता. लंडनच्या लुई पॅनोर्मो यांनी टी. पेरोनेट थॉम्प्सन यांच्या कल्पनेनुसार घडविलेल्या आणि १८२९ मध्ये पुस्तिकेद्वारे प्रसिद्ध झालेल्या गिटारचे पडदे जागा बदलून बसविता येत असत.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुरूप सरकविता येतात. मग गिटारचे का नाहीत, असा प्रश्न सहज मनात येतो. उत्तर वाद्याच्या स्वभावात आहे. सतारीवर राग मुख्यतः बाजाच्या एका तारेवर उलगडतो. गिटारवर एकच सरळ पडदा सहा तारांखालून जातो आणि प्रत्येक तारेवर निराळा स्वर देतो. एका तारेवरचा गंधार सुधारण्यासाठी पडदा मागे सरकविला की शेजारच्या तारेवरचा निर्दोष पंचम बिघडतो. इस्तंबूलचे वादक तोल्गाहान चोउलू यांनी २००८ मध्ये या पेचाची उकल केली. तुर्की मकाम संगीताला लागणारे सूक्ष्म स्वर गिटारवर मिळावेत म्हणून त्यांनी दांडीवर प्रत्येक तारेखाली एक खाच ठेवली आणि सलग पडद्याऐवजी त्या खाचांतून सरकणारे सुटे सूक्ष्मपडदे बसविले. हवा तेथे जादा पडदा घालावा, नको तो काढून ठेवावा. वाद्याचे रूप त्यामुळे हिशेबाच्या मणिचौकटीसारखे दिसते खरे. पण भैरवातील रिषभ आणि बिलावलातील गंधार प्रत्येकी आपापल्या जागी बसविण्याची सोय गिटारवर झाली.

येथे कल्पनेला थोडी मोकळीक देण्यास हरकत नाही. सूक्ष्मपडदे हाताने सरकविण्यास वेळ लागतो. मैफलीत दोन रागांमध्ये तेवढा अवधी मिळत नाही. प्रत्येक सूक्ष्मपडद्याखाली एक चिमुकले यंत्र बसवावे, वादकाने षड्ज आणि राग ठरवावा, आणि सारे पडदे क्षणार्धात आपापल्या श्रुतीवर जावेत. तारेचा स्वर ओळखून स्वतःच सुरात लागणाऱ्या खुंट्या २००७ मध्ये विद्युत गिटारवर आल्या. ही त्यापुढची पायरी होय. महत्त्वाचे असे की ही यंत्रे दांडीत बसतील, तबलीवर नव्हे. जड आणि ताठ दांडी तारेची ऊर्जा गिळत नाही, उलट नाद टिकविण्यास मदत करते. म्हणजे लेखाच्या आरंभी घातलेली ओझ्याची अट येथे पाळली जाते. दरबारीतील आंदोलित गंधार मात्र कोणत्याच पडद्यावर उभा राहणार नाही. त्यासाठी तार खेचावीच लागेल, आणि त्याकरिता गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी 'शक्ती' या वाद्यवृंदासाठी वापरलेल्या गिटारप्रमाणे पडद्यांमधले लाकूड वाटीसारखे कोरावे लागेल.

एब्राहम वेक्टर यांनी १९७० च्या दशकात घडविलेल्या मॅकलॉफ्लिन यांच्या त्या गिटारवर मुख्य तारांना तिरप्या जाणाऱ्या सात तरफाही, म्हणजे मुख्य तारांसोबत आपोआप झंकारणाऱ्या ताराही, होत्या. भारतात ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटार मांडीवर घेऊन रागसंगीतात रुजविली, आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफा व चिकारीच्या तारा जोडून मोहन वीणा केली. तिचा नाद १९९४ च्या ग्रॅमी पुरस्कारापर्यंत पोहोचला. काचेच्या कपाटात शोभेल अशा भावी गिटारीपेक्षा ही वाद्ये अधिक खरी आहेत, कारण ती एखाद्या विशिष्ट संगीताची गरज भागविण्यासाठी जन्मली. तरफांना मर्यादाही आहे. प्रत्येक जादा तार तबलीवरचा ताण वाढविते. मॅन्झर यांनी १९८४ मध्ये गिटारवादक पॅट मेथिनी यांच्यासाठी घडविलेल्या ४२ तारांच्या गिटारवर हा ताण सुमारे साडेचारशे किलोपर्यंत जातो. असे वाद्य क्वचितच घडते.

शेवटी विजेचा विषय. घोडीखाली दाबविद्युत पट्टी बसवून तारेचे कंपन ध्वनिवर्धकाकडे नेणे ही आता जुनी गोष्ट झाली. नवे आहे ते उलट दिशेचे काम : पेटीत एक कंपक बसवायचा आणि विजेच्या साहाय्याने पेटीलाच अधिक हलवायचे. यामाहा कंपनीच्या अशा गिटारमध्ये कंपक पाठीच्या आतल्या अंगाला असतो. तारा छेडल्या की देवळाच्या सभामंडपात वाजविल्यासारखा घुमारा पेटीतूनच निघतो, बाहेर कोणताही ध्वनिवर्धक नसतो. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत झालेल्या अभ्यासातून पेटीची कंपने हवी तशी वळविणाऱ्या गिटारीही बाजारात आल्या. एकाच वाद्याने कधी तोरेस यांच्या गिटारसारखे, कधी ड्रेडनॉटसारखे वाजावे, हे आता अशक्य कोटीतले राहिलेले नाही.

यातून वाद्यांचे वर्गीकरण करणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. झाक्स यांनी १९४० मध्ये आपल्या वर्गीकरणास विद्युत वाद्यांचा पाचवा वर्ग जोडला. नादाची ऊर्जा अंशतः तारेतून आणि अंशतः बॅटरीतून येत असेल, तर अशी गिटार तत वाद्यांत घालावी की पाचव्या वर्गात? व्यवहारात परीक्षा सोपी आहे : बॅटरी काढून ठेवावी आणि तार छेडावी. कंपक पाठीवर आहे आणि तबली मोकळी आहे, तोवर वाद्य बोलेल. पण बॅटरी आहेच या भरवशावर निर्मात्यांनी तबली जाड, स्वस्त आणि न फुगणारी करण्यास आरंभ केला, आणि त्या व्यापारी मोहाची चिन्हे दिसत नाहीत असे नाही, तर त्या गिटारची नोंद पाचव्या वर्गातच करावी लागेल, मग तिची पाठ शिसवाची असो की पुठ्ठ्याची.